रोबॉटनं खुबा बदलायचा, तर सर्जनचा हात बसायला किती केसेस लागतात?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी. माझ्या काकांना (वय ५८) उजव्या खुब्याचा एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाड मरणं) आहे. कोविडमध्ये बरीच स्टेरॉइड्स द्यावी लागली होती, त्याचं हे देणं. वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढले, आता पायात मोजा चढवायलाही काकू लागते. खुबा बदलायचा हे ठरलंय.

दोन सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले, मी हातानंच करतो आणि वर्षानुवर्षं करतोय. दुसरे म्हणाले, आमच्याकडे आता रोबॉट आहे, कप (खुब्यात बसवायची कृत्रिम वाटी) अंशाच्या हिशेबात बसतो. काका दुसऱ्यांवर खूश आहेत.

माझा प्रश्न खर्चाचा नाही. रोबॉट नवीन, म्हणजे तो वापरणारेही नवशिकेच असणार ना? हे डॉक्टर शिकतात कुठे? किती ऑपरेशनांनंतर हात बसतो? आणि "तुमच्या किती झाल्या?" असं तोंडावर विचारलं तर चालतं का?

निनाद_ठाणे

माझ्या मेव्हण्याचं प्रोस्टेट रोबॉटनं झालं. तिथे सर्जन लांब कोपऱ्यात खुर्चीवर बसून यंत्राचे हात हलवत होते. खुब्याचंही तसंच का? हातोडी कोण मारतं मग?

हाडवैद्य

निनाद, तो वेगळा प्रकार. खुब्यात सर्जन टेबलाशीच उभा असतो, चिरा तोच घेतो, सांधा तोच उघडतो. यंत्राचा हात त्याच्या हातातलं अवजार धरून ठेवतो, इतकंच. आणि हातोडी सर्जनच मारतो. :)

मृण्मयीताई, मी पुण्यात सांधेबदलाचंच काम करतो, हातानंही आणि रोबॉटनंही. जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे सध्या जास्त दिसणाऱ्या पद्धतीत आधी कमरेचा आणि गुडघ्याचा सीटी काढतात. त्यावरून संगणकात हाडांचं मॉडेल तयार होतं. कप कुठल्या मापाचा, किती आडवा, किती पुढे झुकलेला, पायाची लांबी किती भरून काढायची, हे सगळं आदल्या दिवशी पडद्यावर ठरतं. ऑपरेशनच्या वेळी कंबरेच्या हाडात पिना बसवून त्यावर खुणेचे गोळे लावतात, कॅमेरा ते बघत राहतो. मग सर्जन टोकदार सळईनं खुब्याच्या वाटीत ठिकठिकाणी टेकवत जातो, म्हणजे समोरचं हाड आणि पडद्यावरचं हाड यांची जुळणी होते. त्यानंतर रीमर (हाड कोरायचं अवजार) ठरलेल्या कोनातच फिरतो आणि ठरलेल्या खोलीपलीकडे जात नाही. कप ठोकतानाही यंत्र कोन धरून ठेवतं.

आता लक्षात घ्या, मांडीच्या हाडाकडचं काम, म्हणजे नळी कोरून स्टेम (कृत्रिम सांध्याचा दांडा) बसवणं, अजून बहुतेक हातानंच होतं. यंत्र फक्त माप सांगतं.

शिकण्याची वाट साधारण अशी: कंपनीचं प्रशिक्षण, प्लास्टिकच्या हाडांवर आणि देहदानातून मिळालेल्या देहांवर सराव, अनुभवी सर्जनकडे जाऊन बघणं, मग आपल्या पहिल्या केसेस. सुरुवातीला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कंपनीचा माणूस संगणकाशी असतोच, आणि पुढेही बऱ्याच ठिकाणी असतो.

आकडा विचाराल तर लंडनमधल्या एका अभ्यासात (२०२१) ऑपरेशनचा वेळ आणि टीमचा आत्मविश्वास सुमारे १२ केसेसनंतर स्थिरावला. कपच्या अचूकतेत मात्र पहिल्या केसपासून फरक नव्हता. म्हणजे अचूकता यंत्र लगेच देतं, वेग आणि सहजता टीमला कमवावी लागते.

तुषार_चाकण

हाडवैद्य, हा १२ चा आकडा कसा काढतात ते सांगतो, कारण ही पद्धत आमच्या कारखान्यातली आहे. क्युसम म्हणतात. ई. एस. पेज नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडली, उत्पादनात दोष शिरतोय का ते लवकर पकडायला. प्रत्येक केसचा वेळ आणि ठरवलेलं लक्ष्य यातला फरक मागच्या बेरजेत मिळवत जायचा. सुरुवातीला वेळ जास्त लागतो म्हणून रेघ चढते, सवय झाली की ती वळते आणि उतरायला लागते. जिथे वळली तो तुमचा आकडा.

पण हा आकडा त्या माणसाचा असतो! लंडनच्या त्या सर्जनला बारा लागल्या म्हणून चाकणच्या डॉक्टरांना बारा पुरतील असं नाही. तो आधी किती पाण्यातून गेलाय ते कुठे मोजलंय?

हाडवैद्य

तुषार, शंभर टक्के बरोबर. असे अभ्यास बहुधा मुरलेल्या सर्जननी मोठ्या केंद्रात केलेले असतात. आणि सगळ्यांचा निष्कर्षही एक नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये पहिल्या १०५ रोबॉटिक केसेस ३५-३५ च्या तीन गटांत तपासल्या, त्यात अनुभवाबरोबर वेळही कमी होत गेला आणि कप चुकीच्या जागी बसण्याचं प्रमाणही. म्हणजे अचूकतेलाही शिकणं लागतं असा त्याचा कौल.

शुभा_ओटी

मी ओटी सिस्टर आहे, सांधेबदलाच्या थिएटरमध्ये. सर्जनच्या केसेस सगळे मोजतात, आमच्या कोण मोजतं? पहिल्या काही ऑपरेशनांत वेळ जातो तो सर्जनच्या हातात नाही, आमच्या मांडणीत. यंत्राच्या हातावर निर्जंतुक आवरण चढवायचं, कुठेही फाटता कामा नये. कॅमेरा कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा हे प्रत्येक थिएटरला वेगळं. असिस्टंटनं मान पुढे घातली की कॅमेऱ्याला गोळे दिसत नाहीत. गोळ्यावर रक्ताचा एक शिंतोडा उडाला तरी पडद्यावरची आकृती थांबते. मग मी ओल्या गॉजनं पुसायचं, कोरडं करायचं, सर हात तसेच धरून उभे.

आणि खरी भीती वेगळीच. रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं अवजार) धरणाऱ्याचा कोपर त्या पिनांना लागला, पीन केसभर हलली, तर पडद्यावर सगळं छान हिरवं दिसत राहतं आणि आकडे सगळे खोटे. म्हणून हाडात एक छोटा खुणेचा स्क्रू असतो. रीमिंगच्या आधी सळई त्याला टेकवून बघायची, जुळतंय का. नवीन टीम घाईत असते. मुरलेले सर्जन कोणी म्हणायच्या आधीच हात पुढे करतात, "सिस्टर, चेकपॉइंट."

दसऱ्याला आम्ही यंत्रालाही हार घालतो, कॅमेरा सोडून.

निनाद_ठाणे

शुभाताई, कॅमेऱ्याला पण एक फूल वाहा. दिसलं नाही तर रुसून बसायचा.

आजोबा_पार्ले

माझा डावा खुबा हातानंच बदलला. शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो, जिने चढतो. सर्जननी कपचा कोन चाळीस अंश आणि पंधरा अंश असलं मला काही सांगितलं नव्हतं. जॉन चार्नलीनं इंग्लंडमध्ये साठच्या दशकात आजचं ऑपरेशन उभं केलं तेव्हा कुठला संगणक होता? अनुभवी हाताला पर्याय नाही. ही सगळी जाहिरातबाजी वाटते मला.

हाडवैद्य

आजोबा, तुमचा खुबा उत्तम चाललाय याचा आनंद आहे. पण "अनुभवी हात" कोनाच्या बाबतीत आपण समजतो तितका नेमका नसतो. बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात १,८०० हून जास्त खुब्यांचे एक्सरे मोजले, २०११ साली छापून आलं. कपचे दोन्ही कोन ठरलेल्या पट्ट्यात असलेले खुबे निम्म्याच्या आसपास भरले. आणि ते काही शिकाऊ लोक नव्हते. रुग्ण टेबलावर कुशीवर झोपलेला, कंबर आवरणाखाली, ती थोडी पुढे कलंडली तरी वरून कळत नाही. यंत्राचा खरा उपयोग इथे आहे.

आता तुमच्या बाजूनं बोलतो. कोन नेमका आला म्हणजे रुग्ण जास्त सुखी झाला, असं अजून सिद्ध झालेलं नाही. हातानं केलेले आणि रोबॉटनं केलेले रुग्ण चालणं-फिरणं-दुखणं यावर तोलले, तर बहुतेक अभ्यासांत फरक दिसत नाही.

चष्मिष्ट_वाचक

थोडं विषयांतर. खुब्यातला पहिला रोबॉट आजचा नाही. रोबोडॉक नाव, १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोत माणसावर पहिल्यांदा वापरला. घडवणाऱ्यांत विल्यम बार्गर हे अस्थिशल्यविशारद आणि हॅप पॉल हे प्राण्यांचे डॉक्टर! आधी कुत्र्यांच्या खुब्यांवर करून बघितलं. हाडवैद्यांनी वर सांगितलेल्या यंत्रापेक्षा तो अगदी वेगळा. सर्जननं हाड उघडून पाय घट्ट बांधून द्यायचा आणि मांडीच्या हाडाची नळी यंत्र स्वतःच कोरणार. जर्मनीत नव्वदच्या दशकात तो जोरात चालला, मग वेळ जास्त लागतो, स्नायूंना इजा होते अशा तक्रारी आल्या, खटले झाले आणि तिथे तो मागे पडला.

आताच्या यंत्रांत सूत्रं सर्जनच्या हातात ठेवली आहेत ती त्या अनुभवानंतर, असं मला वाटतं.

गौरी_एस

आमचा अनुभव लिहिते, रुग्णालयाचं नाव घेत नाही. आईचं रोबॉटिक हिप ठरलं, पैसे त्याचेच भरले. डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत दिसलं की जुळणी न झाल्यामुळे ऑपरेशन हातानं पूर्ण केलं. आम्हाला कोणी सांगितलंच नाही! विचारायला गेले तर "रिझल्ट चांगला आहे ना?" रिझल्ट खरंच चांगला आहे, आई देवळात जाऊन येते. पण पिनांच्या जागा मुख्य जखमेपेक्षा जास्त दिवस दुखत होत्या, आणि त्या पिना कशासाठी घातल्या याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. अजून राग येतो.

हाडवैद्य

गौरी, राग यायलाच हवा. मध्येच हातावर येणं हा दोष नाही. उलट जुळणी पटत नसताना यंत्र सोडून देणारा सर्जन शहाणा. न सांगणं मात्र अक्षम्य आहे. संमतीपत्रकातच लिहिलेलं असावं की असं होऊ शकतं आणि झाल्यास रुग्णाला सांगितलं जाईल.

मृण्मयीताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. रोबॉटवर प्रवीण झाला कोणाला म्हणायचं? माझ्या मते, पडद्यावर विश्वास कधी ठेवायचा नाही हे ज्याला कळतं त्याला. वाटीच्या कडेला हाड वाढलेलं असेल, सळई हाडावर टेकली की मऊ भागावर, हे बोटांना कळावं लागतं. रीमरखालून ताजं रक्त झिरपणारं हाड दिसतंय का, कप ठोकताना आवाज बदलला का, हे यंत्र सांगत नाही. ते हातानं केलेल्या शेकडो खुब्यांतून येतं.

पीजी_तिसरं_वर्ष

सर, इथेच माझी अडचण आहे. आमच्या विभागात रोबॉट आल्यापासून खुब्याच्या निवडक केसेस त्यावरच जातात. आम्ही निवासी डॉक्टर रिट्रॅक्टर धरून पडदा बघतो. मी हातानं कप बसवायला शिकणार कधी? आणि उद्या तालुक्याच्या गावी गेलो तर तिथे कुठला रोबॉट?

आमच्या एका मॅडमनी मात्र छान पद्धत काढली आहे. ट्रायल कप (माप बघायचा तात्पुरता कप) हातात देतात, "बसव आणि कोन सांग." आम्ही अंदाज बोलायचा, मग पडदा आमच्याकडे वळवतात. सुरुवातीला माझा अंदाज पार कुठल्या कुठे असायचा. आता बराच जवळ येतो. एवढ्या लवकर आपली चूक समोर दिसणं पूर्वीच्या लोकांना मिळालं नसेल, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या एक्सरेची वाट बघावी लागायची.

तुषार_चाकण

वा! ही खरी शिकवणी. यंत्र परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं तर हात तयार होतो, ड्रायव्हरच्या खुर्चीत बसवलं तर बिघडतो.

आजोबा_पार्ले

त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. असं शिकवत असतील तर माझा विरोध मागे.

कोल्हापूरकर_विजय

एक व्यावहारिक मुद्दा राहिला. आपल्याकडे गुडघे बदलणारे भरपूर, खुबे त्या मानानं फार कमी. त्यामुळे "आमच्या पाचशे रोबॉटिक झाल्या" असं फलकावर असतं, त्यात खुबे किती हे कुणी सांगत नाही. आमच्या ओळखीत असंच झालं, विचारल्यावर कळलं की जवळपास सगळे गुडघेच. गुडघ्यावरचा अनुभव खुब्याला चालतो का हो?

हाडवैद्य

विजयराव, फार मोलाचा प्रश्न. काही अंशी चालतो. पिना, कॅमेरा, मांडणी, टीमची शिस्त हे सगळं तिकडून येतं. पण खुब्यात जुळणी खोल वाटीत करायची असते, रुग्ण कुशीवर असतो, आणि कोनाचा विचारच निराळा. म्हणून विचारताना "रोबॉटिक किती?" असं मोघम विचारू नका, "रोबॉटनं खुबे किती?" असं विचारा. त्याहून आधी "वर्षाला एकूण खुबे किती करता?" हे विचारा. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या नोंदींवरून २०१४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला होता. वर्षाला ३५ पेक्षा कमी खुबे करणाऱ्या सर्जनच्या रुग्णांत सांधा निखळण्याचं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्यात रोबॉटचा संबंध नाही, निव्वळ हाताच्या सरावाचा आहे.

लीड्सची_अनघा

मी इथे इंग्लंडमध्ये फिजिओ आहे. इकडे २००३ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे, बदललेला प्रत्येक सांधा त्यात जातो: कुठला कप, कुठला सर्जन, पुढे पुन्हा उघडावा लागला का. सर्जनला स्वतःचे आकडे इतरांच्या तुलनेत बघता येतात. रोबॉटसाठी रेसर-हिप नावाची मोठी चाचणीही हाती घेतली आहे, हातानं की यंत्रानं हे त्यात सर्जन किंवा रुग्ण ठरवत नाही, वाटप यदृच्छेनं होतं. आणि मोजायचं काय, तर रुग्णाला आपला सांधा बदललाय हे दिवसभरात किती आठवतं! विसरला तर ऑपरेशन उत्तम. फिजिओ म्हणून मला हे मोजमाप फार आवडतं.

आपल्याकडेही सांधेबदल करणाऱ्या सर्जनच्या संघटनेची नोंदवही आहे, पण सक्ती नाही. जोवर प्रत्येक केस नोंदली जात नाही तोवर मृण्मयीसारख्यांना सर्जनच्या शब्दावरच विसंबावं लागणार.

काकांच्या पाठीचं काही दुखणं आहे का? कंबर ताठ असलेल्या लोकांचे सांधे निखळलेले मी बघितले आहेत.

मृण्मयी_नाशिक

अनघा, काकांच्या कमरेचं फ्यूजन (मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन) झालंय! स्क्रू आणि रॉड आहेत. त्याचा खुब्याशी काय संबंध?

हाडवैद्य

मृण्मयीताई, फार मोठा संबंध आहे.

आपण उभे असतो तेव्हा आणि खुर्चीत बसतो तेव्हा कंबरेचं हाड वेगळ्या कलात असतं. बसताना ते मागे कलतं, त्यामुळे कपचं तोंड पुढे उघडतं आणि मांडीला वर यायला जागा मिळते. कण्यात रॉड असतील तर हे मागे कलणं होत नाही. मग खाली वाकून चप्पल घालताना मांडीचं हाड कपच्या पुढच्या कडेवर अडतं आणि स्टेमच्या टोकाचा चेंडू मागून बाहेर निसटू शकतो.

१९७८ मध्ये लेविनेक यांनी कपसाठी सुरक्षित पट्टा सांगितला, आडवेपणा ४० अंश आणि पुढचा झुकाव १५ अंश, दोन्हीकडे १० अंशांची मुभा. वर्षानुवर्षं सगळे त्यावरच चालले. पण २०१६ मध्ये अमेरिकेत निखळलेले खुबे तपासले, तर निम्म्याहून जास्त त्या सुरक्षित पट्ट्यातच होते! म्हणजे सगळ्यांना एकच आकडा लागू नाही.

रोबॉट तुम्ही मागाल तो कोन देईल, पण कुठला मागायचा हे सर्जननं ठरवायचं. सीटी झोपवून काढलेला असतो, बसल्यावर काय होतं ते त्यात दिसत नाही. त्यासाठी उभं राहून आणि बसून, बाजूनं काढलेले एक्सरे लागतात. दोघांपैकी कुणी ते सांगितलेत का?

मृण्मयी_नाशिक

फाइल काढून बघितली. पहिल्या, हातानं करणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर खाली लिहिलंय: "लॅटरल, उभं + बसून." आम्ही ते काढलेच नाहीत, कारण काका दुसऱ्यांकडे गेले. आणि दुसऱ्यांना आम्ही कमरेच्या ऑपरेशनबद्दल बोललोच नव्हतो, त्यांनीही विचारलं नाही. उद्या भेट आहे.

मृण्मयी_नाशिक

भेटून आलो. सगळं विचारलं, अगदी विजयदादांच्या शब्दांत. डॉक्टर रागावले नाहीत. रोबॉटनं गुडघे भरपूर, खुबे अजून मोजकेच असं सरळ सांगितलं. हातानं खुबे बरीच वर्षं करतायत, यंत्र अडलं तर हातानं करायची सगळी अवजारं बाजूला उघडून ठेवतो म्हणाले. कमरेच्या रॉडबद्दल ऐकल्यावर मात्र थांबले, सीटी पुन्हा उघडला, ते दोन एक्सरे लगेच लिहून दिले आणि म्हणाले की ते बघितल्याशिवाय मी तारीख देणार नाही.

काका म्हणतात, त्याच एक्सरेंवर पहिल्या डॉक्टरांचंही मत घेऊ. ज्यांचं म्हणणं पटेल त्यांच्याकडे करू, मग रोबॉट असो वा नसो. हे काकांनी स्वतःहून म्हटलं! निघताना डॉक्टर "ड्युअल मोबिलिटी कप लागेल कदाचित" असं म्हणाले. ते काय असतं?

हाडवैद्य

पटावर नीट सोंगट्या मांडल्या आहेत तुमच्या डॉक्टरांनी. ड्युअल मोबिलिटी म्हणजे छोटा चेंडू एका मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात फिरतो आणि तो गोळा पुन्हा कपमध्ये फिरतो. त्यामुळे निखळायला जास्त अंतर जावं लागतं. फ्रान्समध्ये सत्तरच्या दशकात निघालेली कल्पना आहे, ताठ कंबरेच्या रुग्णांत आम्ही आवर्जून वापरतो. हातानंही बसतो, रोबॉटनंही. एक्सरे बाजूनं काढताना मांड्यांची हाडंही दिसायला हवीत, तंत्रज्ञाला आधीच सांगा, नाहीतर नुसता कणा काढून देतात आणि परत जावं लागतं.

शुभा_ओटी

आणि बसून काढताना स्टूल कमी उंचीचं मागा, गुडघे काटकोनात यायला हवेत. काका रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर भूलतज्ज्ञांच्या भेटीत ते पहिल्यांदा सांगा.